पँथरची दुसरी बाजू : काळ्या वस्तीतील मुले आणि चळवळीचे स्वयंपाकघर

‘पँथर’ हा शब्द महाराष्ट्रात उच्चारला की डोळ्यांसमोर येते ती वळलेली मूठ, मोर्चा, सभेतली जहाल भाषा आणि कवितेतली त्याहूनही जहाल भाषा. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाकडून घेतले गेले हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु नावाबरोबर नेमके काय आले आणि काय मागे राहिले, याचा हिशेब आपण फारसा मांडलेला नाही. वृत्तपत्रांतून, साप्ताहिकांतून येथवर पोचली ती काळी जाकिटे, तिरकी बेरेट टोपी आणि हातातली बंदूक. पहाटे उठून शेकडो मुलांसाठी अंडी फोडणारा, पाव भाजणारा पँथर आपल्यापर्यंत पोचला नाही. या लेखात त्या पँथरचा शोध घ्यावयाचा आहे.

हा शोध केवळ कुतूहलापोटी नाही. कोणत्याही पददलित समाजाच्या मुक्तिलढ्याचा इतिहास लिहिताना आपण सभा, ठराव, जाहीरनामे, फूट आणि फुटीची कारणे यांवरच थांबतो. मुलांनी सकाळी काय खाल्ले, ती कोणत्या भिंतीला टेकून झोपली, त्यांच्या रक्तात काय आहे, हे प्रश्न ‘समाजकार्य’ म्हणून बाजूला काढले जातात. जणू ते राजकारण नव्हेच. ज्यांचे मूल कधी उपाशीपोटी शाळेत गेले नाही अशांनी केलेली ही विभागणी आहे. आपण ती का मान्य करावी?

कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी हा पक्ष काढला. पोलिसांच्या वर्तनावर नजर ठेवण्यासाठी बंदुका घेऊन गस्त घालणे हे त्यांचे पहिले काम जगभर गाजले. पण त्याच सुमाराचे दुसरे एक काम पाहा. मार्केट स्ट्रीट आणि पंचावन्नावा रस्ता जेथे मिळतात त्या चौकात शाळेला जाणाऱ्या मुलांना वाहनांची धडक बसे. वस्तीतल्या लोकांनी सिग्नलची मागणी केली, अर्ज केले. नगर प्रशासनाचे उत्तर कोणत्याही प्रशासनाचे असते तेच होते: एवढ्यात जमणार नाही. तेव्हा पँथरचे लोक स्वतः चौकात उभे राहून वाहने अडवू लागले आणि मुलांना रस्ता ओलांडून देऊ लागले. १ ऑगस्ट १९६७ रोजी त्या चौकात सिग्नल लागला. सिग्नल मागणे ही काही क्रांतिकारक मागणी नव्हे. सुखवस्तू गोऱ्या वस्तीत तो मागावाही लागत नाही. पण जी गोष्ट दुसऱ्याला न मागता मिळते ती मिळविण्यासाठी एका समाजाला चौकात उभे राहावे लागते, तेव्हा त्या समाजाची मुले या शहराने माणसांत मोजलेली नाहीत हे उघडे पडते.

जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्याच सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू झाली. फादर अर्ल नील यांनी चर्चची जागा दिली, त्याच चर्चला येणाऱ्या रूथ बेकफर्ड या नृत्यशिक्षिकेने आखणीला हात लावला. पहिल्या दिवशी मुले आली अकरा. आठवडा संपता संपता ती एकशे पस्तीस झाली. अंडी, पाव, दूध, मक्याची लापशी, कधी मांस, कधी फळ. काय द्यावे याबद्दल आहाराची माहिती असणाऱ्यांचा सल्ला घेतलेला असे. माल गोळा करण्यासाठी कार्यकर्ते वस्तीतल्या दुकानदारांकडे जात. जो दुकानदार काळ्यांच्या पैशावर गल्ला भरतो आणि काळ्यांच्या मुलांना दुधाची बाटली देत नाही, त्याच्या दुकानावर बहिष्कार टाकावा, असे ते वस्तीला सांगत. त्या वर्षाच्या अखेरीस हे काम अनेक शहरांत पसरले होते आणि वीस हजारांवर मुलांना आपण जेवू घातले असे पक्ष सांगत होता.

या कामात राबले कोण? वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापली गेली ती पुरुषांची. पहाटेची भांडी, मुलांची नावनोंद, दुकानदारांशी घासाघीस यांत बायांचा वाटा फार मोठा होता, आणि त्या केवळ स्वयंपाकीणबाई नव्हत्या, शाखाही चालवत होत्या. पुढे ओकलंडमध्ये पक्षाची जी शाळा चालली तिच्या प्रमुख १९७३ पासून १९८१ पर्यंत एरिका हगिन्स होत्या. आपल्या चळवळीच्या इतिहासातही अशा बाया आहेत आणि त्यांची नावे शोधताना आजही घाम फुटतो. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

न्याहारी वाढताना मुलांना काळ्यांचा इतिहास सांगितला जाई. टीकाकार म्हणत, हा तर भुकेचा फायदा घेऊन केलेला प्रचार. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण सरकारी शाळेत जो इतिहास शिकविला जात होता तो कोणाचा प्रचार होता, हा प्रश्न त्या टीकाकारांना सुचत नाही.

सरकारला मात्र न्याहारीचा अर्थ अचूक कळला होता. मे १९६९ मध्ये एफबीआयचे संचालक जे. एडगर हूवर यांनी आपल्या कार्यालयांना पाठविलेल्या टिपणात पँथर पक्षाला नामोहरम करण्याच्या मार्गातला सर्वांत मोठा धोका म्हणून बंदुकीचे नाव घेतले नाही, न्याहारीचे घेतले. वरवर हे हास्यास्पद वाटते. पण विचार केला तर हूवरचे गणित बरोबर होते. बंदूक घेतलेल्या माणसाला गुन्हेगार ठरविणे सोपे असते. मुलाच्या ताटात अंडे वाढणाऱ्याला गुन्हेगार कसे ठरवावे? ज्या मध्यमवर्गीय काळ्यांना आणि गोऱ्यांना पँथरची भाषा सोसत नव्हती त्यांनाही हे काम पटत होते, आणि तेच सरकारला नको होते.

मग जे करावयाचे ते केले गेले. अन्नात विष आहे, रोगराई आहे अशा अफवा पालकांत पसरविल्या गेल्या. पक्षाच्या नेत्यांनी नापसंत केलेले एक हिंसक चित्रांचे रंगकामाचे पुस्तक, पँथर मुलांच्या हाती हेच देतात असे भासवून, देणग्या देणाऱ्या व्यापाऱ्यांकडे पाठविण्यात आले. हे सिनेटच्या चौकशी समितीच्या १९७६ च्या अहवालातून बाहेर आले. शिकागोत न्याहारी सुरू व्हावयाच्या आदल्या रात्री पोलिसांनी चर्चमध्ये घुसून अन्नाची नासाडी केली, अशी आठवण तेथील एका कार्यकर्तीने पुढे सांगितली. त्याच शिकागोत न्याहारीचे काम उभे करणारा फ्रेड हॅम्प्टन ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांच्या छाप्यात बिछान्यातच मारला गेला. त्याचे वय एकवीस होते.

शाळेतील न्याहारीची सरकारी योजना अमेरिकेत १९६६ साली प्रयोग म्हणून सुरू झाली होती. ती कायम झाली १९७५ मध्ये. पँथरमुळेच ती कायम झाली असे काही लेखक ठामपणे लिहितात. मला ते पुराव्याच्या पुढे जाणारे वाटते. भुकेविरुद्ध आवाज उठविणारे इतरही गट त्या काळात होते. पण उपाशी मूल शिकू शकत नाही ही गोष्ट रोज सकाळी, डोळ्यांसमोर, शेकडो ताटांनी सिद्ध करून दाखविली ती पँथरनी, यात वाद नाही.

येथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. शाळेत शिजवलेले अन्न मिळणे हा मुलांचा हक्क आहे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. आणि स्वयंपाकासाठी दलित, आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यावे असे २००४ साली सांगितले. त्यानंतर दलित बाईने रांधलेली खिचडी आमच्या मुलांनी खाणार नाही म्हणून देशात ठिकठिकाणी पालकांनी आपली मुले पंगतीतून उठविली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलांच्या ताटात आठवड्याला एक अंडे आले; जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा पैसा बंद केला. मुलाच्या ताटात काय असावे आणि ते कोणी शिजवावे, यांइतके राजकीय प्रश्न फार थोडे असतील.

पँथरचे पाहून न्यूयॉर्कमध्ये जुलै १९६९ मध्ये पोर्तो रिकन तरुणांनी ‘यंग लॉर्ड्स’ ही संघटना उभी केली. पूर्व हार्लेमच्या वस्तीत जाऊन त्यांनी लोकांना विचारले, तुमचा मोठा प्रश्न कोणता? साम्राज्यवाद असे उत्तर येईल अशी त्या पुस्तकी पोरांची अपेक्षा असावी. उत्तर आले: कचरा. महानगराची सफाई गाडी या वस्तीत येत नव्हती. त्यांनी झाडू मागितले, मिळाले नाहीत. स्वतः रस्ते झाडले, तरी कोणी ढिगारे उचलेना. शेवटी तो सारा कचरा त्यांनी मोठ्या रस्त्यावर आडवा टाकला आणि पेटविला. ज्या समाजाच्या हाती व्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या झाडू दिला त्या समाजाच्या वाचकाला या घटनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यांचे दुसरे काम याहून खोलवरचे होते. वस्तीतल्या जुन्या चाळवजा इमारतींच्या भिंतींना शिशाचा रंग दिलेला होता. न्यूयॉर्क शहराने घरांच्या आतल्या भिंतींसाठी असा रंग वापरण्यावर १९६० साली बंदी घातली होती. परंतु आधीचे थर तसेच होते. गळक्या नळांनी भिंती ओलावत, रंगाचे पापुद्रे सुटत आणि रांगणारे मूल ते तोंडात घालत असे. शिशाची चव गोडसर असते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठविते आणि लहान मुलाचा मेंदू त्याने कायमचा अधू होतो. मूल चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते, झटके येऊन दगावतेही. डॉक्टर, घरमालक, रंगाचे कारखानदार यांच्याजवळ एक सोयीचे उत्तर तयार होते: आई लक्ष देत नाही. भिंत कोणाची, भाडे कोण घेतो, दुरुस्ती कोणी करावयाची, हे प्रश्न या उत्तराखाली गाडले जात. आणि त्या मुलांचे शाळेतले गुण पाहून काळ्यांच्या बुद्धिमत्तेविषयी सिद्धान्त मांडणारे पंडितही त्याच देशात त्याच काळात होतेच.

शहराच्या आरोग्य खात्याकडे शिशाची विषबाधा तपासण्याचे चाळीस हजार संच आलेले होते. ते पडून होते. १९६९ च्या अखेरीस यंग लॉर्ड्स आरोग्य खात्याच्या कार्यालयात जाऊन बसले आणि दोनशे संच घेऊनच उठले. मेट्रोपॉलिटन हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरांना आणि परिचारिकांना सोबत घेऊन त्यांनी दारोदार फिरून मुलांची लघवी तपासली. सुमारे तीस टक्के नमुन्यांत शिशाची खूण सापडली. लघवीची ती चाचणी रक्ताच्या चाचणीइतकी भरवशाची नव्हती, हा खात्याचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या चुकीचा नव्हता. पण मग रक्त तपासावयाला खात्याला कोणी बंदी केली होती? वृत्तपत्रांनी प्रकरण उचलले. १९७० साली शहराने शिशाच्या विषबाधेसाठी स्वतंत्र विभाग काढला, आणि जानेवारी १९७१ मध्ये शिशाच्या रंगाविषयीचा कायदा देशाच्या पातळीवर झाला. घरगुती रंगातील शिशावर देशभर बंदी यावयाला मात्र १९७८ उजाडले.

आता रक्ताकडे वळू. कारण येथे अमेरिकेतला काळा माणूस आणि विदर्भातला माणूस यांचे नाते केवळ नावापुरते उरत नाही.

सिकलसेल या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. हा आजार संसर्गाने होत नाही, आईबापांकडून येतो. एकाकडूनच दोष आला तर मूल ‘वाहक’ होते आणि बहुधा काही त्रास न होता जगते. दोघांकडून आला तर मूल रुग्ण होते. मलेरियाच्या प्रदेशात वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून आफ्रिकेत, अरबस्तानात आणि भारताच्या जंगलपट्ट्यात हा दोष टिकून राहिला. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या आजाराचे वर्णन १९१० मध्येच केले होते. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये त्याचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे दाखविले. म्हणजे विज्ञानाला आजार माहीत होता. पैसा नव्हता, कारण रुग्ण काळे होते.

१९७० पासून पँथरच्या शाखांना मोफत दवाखाना चालविणे बंधनकारक करण्यात आले आणि १९७१ मध्ये सिकलसेलची मोहीम सुरू झाली. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन शाळांत, चर्चमध्ये, बागेत, दारोदारी तपासणी. मार्च १९७२ मध्ये ओकलंडच्या मेळाव्यात धान्याच्या पिशव्या वाटल्या गेल्या आणि त्याच मांडवात हजारोंचे रक्त तपासले गेले. मे १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सिकलसेल नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली. ज्या सरकारने पँथरच्या अन्नाबद्दल अफवा पसरविल्या त्याच सरकारने पँथरने पुढे आणलेला आजार आपल्या खात्यावर लिहून घेतला.

पण या यशाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पँथर जी झटपट चाचणी वापरत ती वाहक कोण आणि रुग्ण कोण हे वेगळे सांगत नसे. त्यासाठी पुढची तपासणी लागे, समजावून सांगणारा माणूस लागे. तो प्रत्येक ठिकाणी होता असे दिसत नाही. सरकार उतरले तेव्हा तर गोंधळ वाढला. कित्येक राज्यांनी तपासणी सक्तीची केली. शाळेत जाणारी मुले, लग्न करणारी जोडपी यांच्यावर ती लादली. निरोगी वाहकांना रोगी समजून विमा नाकारला गेला, नोकऱ्या गेल्या. हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. ज्या रक्तासाठी समाज लढला तेच रक्त त्याच्यावर नवा शिक्का म्हणून वापरले गेले.

नागपूर भागात सिकलसेल आढळल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात १९५८ पासून आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार येथील आदिवासींत तो आहे तसा विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजातही आहे. काही पाहण्यांत दर पाच माणसांमागे सुमारे एक वाहक आढळला आहे. याचे साधे गणित करून पाहावे. पाचांत एक वाहक असेल, आणि लग्ने त्याच समाजात होत असतील, तर दर पंचवीस जोडप्यांत एक जोडपे असे निघते की दोघेही वाहक. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक. म्हणजे शंभर जन्मांमागे एक मूल. ते मूल माझ्या वर्गात बसते. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याचे सांधे धरतात, छाती भरून येते, आणि हजेरीच्या टक्क्यांचा नियम दाखवून त्याला परीक्षेला बसू न देणारी कार्यालये मी पाहिली आहेत. दिव्यांग हक्क कायद्यात २०१६ पासून सिकलसेलचा समावेश आहे, हे त्या कार्यालयांत सांगावे लागते.

जातीबाहेर लग्न न करण्याची रूढी हे जातीचे खरे मर्म आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात सिद्ध केले आणि १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाचा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. त्यांच्या युक्तिवादाचा पाया सामाजिक होता, जीवशास्त्रीय नव्हे. आणि तो तसाच राहू द्यावा. तरीही बंदिस्त लग्नव्यवस्था एक दोष पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत कसा फिरवत ठेवते हे वरच्या गणितावरून दिसते. बाबासाहेब आणि रमाई यांनी स्वतः चार लेकरे गमावली. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-रजेच्या विधेयकाची बाजू मांडणारे बाबासाहेब मुलाच्या जिवाचा प्रश्न राजकारणाबाहेरचा मानत नव्हते.

मग दलित पँथरने दवाखाने का काढले नाहीत? हा प्रश्न विचारणे सोपे आहे. १९७२ चे महाराष्ट्रातले वर्ष म्हणजे दुष्काळ, गावोगावचे बहिष्कार, अत्याचारांची रांग. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दंगल झाली आणि भागवत जाधव मारले गेले. ज्या पोरांना स्वतःच्या डोक्यावरचे छप्पर टिकविता येत नव्हते, ज्यांच्यामागे खटले लागले होते, त्यांनी प्रयोगशाळा उभारावी अशी अपेक्षा करणारा मी कोण? अमेरिकेत पँथरच्या बाजूला काळे डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय विद्यार्थी उभे राहू शकले. आपल्याकडे तेव्हा दलित डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके होते. आज तसे नाही. आज विदर्भाच्या प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आपले डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, परिचारिका तर मोठ्या संख्येने आहेत. म्हणून हा प्रश्न १९७२ च्या तरुणांना नव्हे, पगारदार झालेल्या आपल्या पिढीला विचारला पाहिजे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट. अभियानाची आखणी मुख्यत्वे आदिवासीबहुल भाग धरून झालेली आहे. आदिवासींचा त्यावरचा हक्क पहिला, यात शंका नको. पण उत्तर नागपूरच्या बौद्ध वस्तीतले रुग्ण मूल त्या नकाशात कोठे बसते, हे विचारावयाला कोणीतरी आरोग्य खात्याच्या दारात जाऊन बसले पाहिजे. दुसरी गोष्ट कार्डाची. तपासणी झाली की कार्ड मिळते, लग्नाआधी ते जुळवून पाहावे असे सांगितले जाते; सल्ला शास्त्रशुद्ध आहे. आमच्या भागात मात्र स्थळ पाहावयास आलेली मंडळी मुलीचे कार्ड मागतात. मुलाचे कोणी मागत नाही, आणि मुलीने मागितले तर बोलणी तेथेच मोडतात. वाहक निघालेल्या मुली कार्ड घरात ट्रंकेच्या तळाशी ठेवतात. तपासणीच्या शिबिरातही रांगेत मुलीच जास्त उभ्या असतात. मुलगे चहाच्या टपरीवर असतात. त्यांना तेथून उठवून आणण्याचे काम सरकारी परिपत्रकाने होणारे नाही. त्यासाठी वस्तीतली माणसे लागतील, ती ओळखीची असावी लागतील, आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे हे प्रत्येक दारात पुन्हा पुन्हा सांगत ती वर्षानुवर्षे फिरली पाहिजेत.